मांडवात राहिलेला माणूस

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर गावाबाहेर नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत आणि तिथल्या मोठ्या मूर्तींमध्ये नेमिनाथांची मूर्ती आहे. नेमिनाथांची कथा जैन घरांतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. वरात मांडवाच्या दारी आली, जेवणावळीसाठी कोंडून ठेवलेल्या जनावरांचा आकांत कानी पडला आणि नवरदेवाने रथ माघारी वळवला. नवरी राजुल मागे राहिली, नेमिनाथ गिरनार चढून गेले. शेजारच्या जालना जिल्ह्यात जांब हे समर्थ रामदासांचे गाव. तिथली कथाही याच वळणाची: बारा वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे रामदास, ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघाला तो थेट नाशिकच्या वाटेला लागला. गोदावरी आणि पूर्णा यांच्या मधल्या या मुलखाने मांडवातून निघून गेलेल्यांची स्मृती फार चांगली जपली आहे. जे मांडवात राहिले, ज्यांनी अंतरपाट दूर होऊ दिला, माळ घातली आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे घर चालवले, त्यांची स्मृती कशी जपायची, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. त्यातही तो आणखी थोडा अरुंद करून घेतला आहे. इथे विचार करायचा आहे तो जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी राहिलेल्या, संसार केलेल्या आणि दर रविवारी चर्चला गेलेल्या माणसाचा.

हा माणूस डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. तो शाळामास्तर असेल, दवाखान्यात कंपाउंडर असेल, पाटबंधारे खात्यात कारकून असेल किंवा एसटीत वाहक. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे परभणी असो की जालना, मोठे काम निघाले की बसस्टँड गाठायचे. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा, काखेत पवित्र शास्त्र आणि ‘उपासना-संगीत’ हे गीतांचे पुस्तक, पुढे मुले, मागे बायको. उपासनेनंतर पाळकांशी दोन शब्द, कुणाच्या आजारपणाची चौकशी, मग बाजाराची पिशवी. नाताळात शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे, दिवाळीत त्यांची ताटे परत. सोमवारी पुन्हा कामावर. असा माणूस वारला की पंचवीस-तीस ओळींत त्याचे आयुष्य संपते: जन्म, नोकरी, मुलेबाळे, स्वभावाने मनमिळाऊ, मंडळीच्या कामात हिरिरीने भाग, प्रभूत निद्रिस्त. या ओळींत खोटे काही नसते. पण त्या वाचून त्याच्यात आणि पलीकडच्या कबरीतल्या माणसात काय फरक होता, ते कळत नाही. माझे म्हणणे असे आहे की ही उणीव त्या माणसाच्या आयुष्यातली नाही, आपल्या लिहिण्याच्या सवयीतली आहे. आपल्याला घटना लिहायची सवय लागली आहे आणि या माणसाचा ऐवज घटनांचा नव्हे, नेमाचा आहे. नेम कसा लिहायचा, ते आपण शिकलेलो नाही. म्हणजे शिकलो होतो, विसरलो.

मराठी ख्रिस्ती लेखनात ही सवय कुठून आली, ते पाहण्यासारखे आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या धाकट्या, अजाण वयाच्या भावाचे, श्रीपतीचे, प्रकरण उभे राहिले. मुलगा मिशनऱ्यांकडे गेलेला, बाप कोर्टात, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला, आणि मग त्याला शुद्ध करून जातीत घ्यायचे की नाही यावरून शहराच्या ब्रह्मवृंदात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. मराठीत ख्रिस्ती माणसाबद्दल छापून येऊ लागले ते असे, खटल्याच्या स्वरूपात. पुढे बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. शीर्षकच सांगते की पुस्तकाची ओढ पहाटेकडे आहे, दुपारकडे नाही. पंडिता रमाबाईंचा १८८३ चा इंग्लंडमधला बाप्तिस्मा, नारायण वामन टिळकांचा १८९५ चा मुंबईतला, या दोन्ही तारखा मराठी वाङ्मयेतिहासात पाठ असतात. मिशनला बाप्तिस्म्याचा क्षण हवा होता, कारण तो कामाचा पुरावा होता. विरोधकांनाही तोच क्षण हवा होता, कारण त्यांच्या लेखी तो अपराधाचा पुरावा होता. दोन्ही बाजूंनी एकाच पानावर बोट ठेवले आणि पुढची पाने कुणी उलटली नाहीत.

खुद्द नारायण शेषाद्रींचे उदाहरण घ्या. खटल्यातून बाहेर पडून ते स्कॉटिश मिशनच्या कामासाठी मराठवाड्यात आले, जालन्यात बसले, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वसाहत उभारली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाषण केले, याची नोंद सापडते. बेथेलमध्ये विहीर, शेत, शाळा आणि देऊळ यांच्यामध्ये जी कुटुंबे राहिली, त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या दुपारी कशा गेल्या, ते मात्र न्यूयॉर्कइतके सहज सापडत नाही. आणि जिंतूर-परभणीकडच्या ख्रिस्ती घरांची गोष्ट शोधायची तर ती या दुसऱ्या प्रकारातली आहे. या घरांतल्या नातवाने धर्म बदललेला नव्हता. तो पाळण्यातच असताना त्याच्या कपाळावर पाणी पडले. त्याच्याजवळ सांगायला ‘मी कसा ख्रिस्ती झालो’ ही कथाच नाही. म्हणून ख्रिस्ती इतिहासकाराने त्याला सोडले, आणि तो ख्रिस्ती म्हणून गावच्या इतिहासकारानेही सोडले.

यावर एक उत्तर मराठीतच तयार आहे आणि ते फार मोठ्या पुस्तकाचे उत्तर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नवऱ्याच्या, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या, धर्मांतराने फुटलेला संसार आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पुन्हा जुळलेला संसार हा त्यांचा विषय. पण पुस्तक चालते ते स्वयंपाकघरातून, पैशांच्या चणचणीतून, मुलांच्या दुखण्यातून, नवऱ्याच्या तऱ्हेवाईक उदारपणातून, सोवळे सुटण्याच्या बारीकसारीक पायऱ्यांतून. बाप्तिस्मा त्यात आहे, पण तो कळस नाही. तो घरातल्या अनेक गोष्टींपैकी एक होतो, आणि म्हणूनच खरा वाटतो. कुणी म्हणेल, टिळक मोठे कवी, म्हणून त्यांचा संसार वाचला गेला. सामान्य कारकुनाच्या संसाराला कोण विचारतो? मला हा आक्षेप पुस्तकासमोर टिकत नाही असे वाटते. टिळकांची कविता ज्याला ठाऊक नाही, असा वाचकही ‘स्मृतिचित्रे’ संपवल्याशिवाय खाली ठेवत नाही. त्याला खिळवून ठेवतो तो कवी नसून, घरात पैसा न टिकू देणारा आणि बायकोला एका दमात चिडवणारा व लिहायला शिकवणारा नवरा आहे. कीर्तीने पुस्तकाकडे नेले असेल. वाचायला लावले ते घराने.

आणखी मागे गेलो तर मराठी गद्याचा जन्मच अशा आठवणींतून झालेला दिसतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या गावोगाव फिरून, ज्याने पाहिले त्याच्याकडून ऐकून. ‘लीळाचरित्रा’त कोण कुठे बसले होते, काय खाल्ले, कोणत्या देवळाच्या ओट्यावर मुक्काम पडला, असे तपशील आहेत, आणि ते तुच्छ मानून गाळलेले नाहीत. महानुभावांच्या लेखी चक्रधर ईश्वर होते, म्हणून त्यांचे जेवणही लिहिण्याजोगे झाले, हे खरे. पण पद्धत श्रद्धेहून वेगळी काढता येते. साक्षीदार शोधावा, त्याचेच शब्द ठेवावेत, दोघांची आठवण जुळत नसेल तर दोन्ही नोंदवाव्यात, स्थळ अचूक लिहावे. याच्यासाठी नायक ईश्वर असण्याची अट नाही. पायपीट करायची तयारी असली म्हणजे झाले. जिंतूरच्या एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाची स्मरणिका काढणाऱ्याने इंग्रजी चरित्रांचे नमुने धुंडाळण्यापेक्षा म्हाइंभटांकडून हे शिकावे. त्यासाठी त्याला मराठवाड्याबाहेर फारसे डोकवावेही लागत नाही.

साधनेच नाहीत, असा सर्वांत व्यवहारी आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. हिंदू घराला आपली वंशावळ त्र्यंबकेश्वराच्या नाहीतर पैठणच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत सापडते. आजोबा कधी आले, सोबत कोण होते, सह्या कुणाच्या, सगळे. बाप्तिस्म्यानंतर ती वही त्या घरापुरती बंद होते. पण त्याच सुमारास दुसरी वही उघडते, आणि हे आपण विसरतो. मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदपुस्तके असतात. विवाहाची नोंद तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानेच बंधनकारक केलेली, साक्षीदारांच्या सह्यांसकट. सभासदांची यादी असते, वर्गणी आणि अर्पणाचा हिशेब असतो, पंचकमिटीच्या सभांचे इतिवृत्त असते. घरात पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहायची रीत आहे. ‘ज्ञानोदय’सारख्या, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या नियतकालिकाचे जुने अंक आहेत. कबरीवरची फरशी आहे. ही सगळी साधने नेमाची आहेत, हे लक्षात घ्यावे. वर्गणीच्या वहीत एकच नाव महिन्यामागून महिना येते, दुष्काळाच्या साली आकडा घटतो, पोराची नोकरी लागल्यावर वाढतो. हे एकेक आकडे निरर्थक आहेत. तीस वर्षांचे आकडे एका ओळीत मांडले की त्यात माणूस दिसायला लागतो.

अडचणी आहेत त्याही सांगितल्या पाहिजेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी कामकाज उर्दूत चाले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे एकाच माणसाचा जन्मदाखला एका लिपीत, नोकरीची कागदपत्रे दुसऱ्या राज्याची आणि पेन्शनचे कागद तिसऱ्याचे. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात अनेक जुनी मिशने विलीन झाली आणि दप्तरे इकडची तिकडे गेली. शिवाय एक गोष्ट अशी आहे जी स्मरणिकांत सहसा लिहिली जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यात आला. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मराठवाड्यातली कितीतरी ख्रिस्ती घरे मूळची दलित. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या पुस्तकात दुसरा, अशी दुहेरी नोंद काही घरांच्या वाट्याला आली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपास, आणि सुमारे अठरा लाख छत्तीस हजारांच्या परभणी जिल्ह्यात त्याहूनही पुष्कळ कमी. हा आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आणि असा दुहेरी कागद ज्याच्या घरात आहे, त्याच्या वारसांना विचारल्याशिवाय तो छापू नये. चरित्रकाराची हौस मुलांच्या फीमाफीपेक्षा मोठी नाही.

आता मुख्य आक्षेप: या आयुष्यात घडले काय? चाळीस वर्षे नेमाने उपासनेला गेलेला माणूस दोन हजारांहून अधिक रविवार त्या बाकावर बसलेला असतो. त्यात पावसाळे आले, पोरांचे गोवर-कांजिण्या आल्या, कमिटीतल्या भांडणानंतरचे अवघडलेले रविवार आले, ज्या पाळकांचे बोलणे पटत नव्हते त्यांच्या कारकिर्दी आल्या. पटत नसतानाही माणूस येऊन बसला, ही काही घडलेली गोष्ट नव्हे काय? वारीला जाणाऱ्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. आषाढीची वाट एकदा चालला त्याला आपण वारकरी म्हणत नाही. दरसाल चालतो त्याला म्हणतो. त्या शब्दाच्या अर्थातच पुनरावृत्ती आहे. गोरा कुंभार, सावता माळी, पैठणचे एकनाथ, ही गृहस्थांची परंपरा मराठी मनाने संतपदाला नेली ती प्रपंच आणि नेम एकाच घरात नांदतात हे ओळखूनच. चर्चला जाणाऱ्या गृहस्थाला तीच मोजपट्टी लावायला काय हरकत आहे? आणि घटनाच हव्या असतील तर त्याही या घरांवरून गेल्या. १९४८ ची पोलीस कारवाई, १९६० च्या दशकात पूर्णेवर उभे राहिलेले येलदरीचे धरण, १९७२ चा दुष्काळ, १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हाच्या बदल्या. फरक इतकाच की या घटना त्याच्या चरित्रात पाहुण्यासारख्या येतात. यजमानपण नेमाकडेच राहते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. असे चरित्र स्तुतिपाठ होते. मराठीत गौरवग्रंथ नावाचा जो प्रकार बोकाळला आहे त्याने हा आक्षेप सार्थ केला आहे. मृत माणूस त्यात इतका निर्दोष होतो की तो मेला याचेच आश्चर्य वाटावे. ख्रिस्ती स्मरणिकांत भर म्हणून शास्त्रवचनांची झालर लागते. यावर उपाय, चांगले कमी लिहा हा नव्हे. वर ज्या वह्या सांगितल्या त्याच स्तुतीवरचा उतारा आहेत. वर्गणी किती वर्षे थकली, कोणत्या ठरावाच्या विरोधात हात वर केला, कोणत्या सालानंतर कमिटीत नाव दिसत नाही, हेही तिथेच लिहिलेले असते. नेमाचा पुरावा मागितला की नेम मोडल्याचाही पुरावा हाती येतो. तो लपवणाऱ्याने मग नेमाबद्दलही बोलू नये.

याच ठिकाणी ‘कुटुंबवत्सल’ या शब्दाची झडती घेतली पाहिजे. निधनवार्तेतला तो हुकमी शब्द आहे. कुटुंबवत्सल पुरुषाचा रविवार सकाळी नऊला सुरू होतो. त्याच्या बायकोचा पाचला. सदऱ्याची इस्त्री, मुलींच्या वेण्या, उपासनेहून आल्यावर पानात पडणारे जेवण, पाळकसाहेब अचानक घरी आले तर वाढीव चार पोळ्या, हे सगळे ज्या नेमावर उभे आहे तो नेम तिचा आहे. सभासदांच्या यादीत नाव त्याचे वर येते, वर्गणी त्याच्या नावे जमा होते, बायकांच्या मेळाव्याचे इतिवृत्त मात्र बहुधा कुणी जपून ठेवलेले नसते. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या बायबलबाया घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवत. त्यांनी किती जणींना अक्षर दिले याचा हिशेब अहवालांत आकड्यांनी आहे, नावांनी क्वचित. तेव्हा संसारी माणसाचे चरित्र लिहायचे म्हणजे दोघांचे लिहायचे, हे पहिल्यापासून धरून चालावे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या आठवणी सांगता सांगता आपले आयुष्य लिहिले. त्यात नवरा अधिक चांगला उमटला. उलट दिशेने, म्हणजे बायकोला वगळून नवऱ्याचे लिहिले, तर तो कसा उमटतो याचे नमुने ग्रंथालयांत धूळ खात आहेत.

तिसरा आक्षेप निराळ्या दिशेने येतो. माणूस चांगला होता, एवढे पुरे नाही का? त्याचे चर्चला जाणे कशाला पुढे आणायचे, आजच्या दिवसांत तर मुळीच नको. या सल्ल्यामागची काळजी समजण्यासारखी आहे, पण तो मानला तर उरतो तो कुणाचाही आजोबा. ज्या माणसाने आयुष्यातले दोन हजार रविवार एका गोष्टीला दिले, ती गोष्ट गाळून त्याला भला म्हणणे म्हणजे त्याच्यावर उपकार केल्याचा आव आणून त्याला पुसून टाकणे होय. उलटा धोकाही तितकाच आहे. सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून त्याला मखरात बसवायचे, ‘आमच्या गावात एक ख्रिस्तीही होते’ असे कौतुकाने सांगायचे. गाव असे दाखल्यांनी चालत नाही. जिंतुरात जैन, मुसलमान, बौद्ध, वारकरी सगळे एकाच बाजारात तोलून घेतात आणि एकमेकांची उधारीही ठेवतात. म्हणून त्याच्याविषयीची निम्मी साक्ष चर्चच्या बाहेर आहे: किराणा दुकानदाराकडे, त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुसलमान मुलाकडे, शेजारच्या भजनी मंडळाच्या टाळकऱ्याकडे. ख्रिस्ती उपासनेतली भजने अभंगाच्या चालीवर म्हटली जातात. भिंतीपलीकडून ती ऐकणाऱ्याला शब्द लागले नसतील, चाल नक्की लागली असेल. त्याला विचारले पाहिजे की त्या घरातून रविवारी सकाळी काय ऐकू यायचे.

काम हाती घेणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, एवढे सांगून ही प्रस्तावना आवरती घेतो. छायाचित्रांपासून करू नये. छायाचित्र लग्नाचे आणि निवृत्तीच्या सत्काराचे असते, मधली वर्षे त्यात नसतात. आधी गावातली ऐंशीच्या पुढची माणसे गाठावीत, त्यातही बाया, आणि त्यांना त्या माणसाचा स्वभाव विचारू नये. तो कुठल्या बाकावर बसायचा, कुणाच्या शेजारी, गाताना सूर कसा लागायचा, वरच्या पट्टीत गेल्यावर थांबायचा की रेटून न्यायचा, ते विचारावे. मग पाळकांची रीतसर परवानगी घेऊन नोंदपुस्तके पाहावीत, उतरून घ्यावीत, कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट. उर्दू कागद निघाले तर ते जाणत्या मौलवींकडून वाचून घ्यावेत. शेवटी घरात जावे आणि ‘उपासना-संगीता’ची त्याची प्रत मागावी. शास्त्र घरचे लोक जपतात, गीतांचे पुस्तक मात्र पाठपुठ्ठा सुटला की रद्दीत जाते. ज्या पानांच्या कडा काळ्या पडल्या आहेत आणि जिथे पुस्तक आपोआप उघडते, ते गीत क्रमांक लिहून घ्यावेत.